काकांनी हुंगून घेतलेले टायर

ता. ३, सोमवार

ताई,

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचता वाचता तुला शिव्या शोधायला वेळ मिळेल. काकांच्या घरगाडीत आठवडाभर जो वास मारतोय तो मेलेल्या उंदराचा नाहीये. अंडी आहेत. मी ठेवलेली. आधी पत्र्यावर उन्हात चांगली पिकवली, मग सुईनं एकेकाला भोक पाडलं आणि सीटखाली, पंख्याच्या जाळीमागे, झोपायच्या फळीखाली अशी जागा बघून बसवली. काका नाकाला रुमाल बांधून उंदीर शोधतायत. गाडीचा अर्धा तळ उचकटलाय. मावशी पायरीवर पाय ठेवते, तोंडावर हात दाबते आणि थेट मोरीकडे पळते. काल मलाच ओकारी आली. स्वतःच रांधलं आणि स्वतःलाच गिळवेना, तसं झालं.

मजेसाठी नाही केलं. निदान यावेळी नाही.

फोन केला असता, पण तुमच्या वसाहतीत ऑफिसातला एकच फोन, तो भावोजी उचलतात, आणि भावोजींच्या कानात गेलेलं संध्याकाळपर्यंत काकांच्या तोंडातून बाहेर पडतं. म्हणून दुधाच्या गाडीवाल्याकडे पत्र देतोय. वाचून झालं की लपव.

आता ऐक. वीस तारखेला काका आणि मावशी घरगाडी घेऊन तुझ्याकडे यायचे आहेत, तुझं बाळंतपण होईस्तोवर लेकीच्या दारातच मुक्काम. मावशीला दुसरं काही चालत नाही. बसचं म्हणशील तर तिला तिकिटाच्या रांगेतच मळमळतं. घरगाडीत आडवं पडता येतं, खिडकी उघडता येते, म्हणून बाई तयार झाली. पण गाडी एवढी वर्षं अंगणात उभी. काका आत बसून पेपर वाचतात एवढाच तिचा प्रवास. उभ्या उभ्या टायर वाळून भेगाळले, तेव्हा ते बदलायचं ठरलं. काका म्हणाले, घरचं पोरगं टायरच्या दुकानात कामाला असताना बाहेर कशाला जायचं? घरचं पोरगं म्हणजे मी. तिथेच मी पहिली माती खाल्ली. बोललो नाही.

आमच्या दुकानामागे मुतारी नाहीये. न खपलेल्या जुन्या टायरांची चळत आहे. कोणाला लागली की तो चळतीमागे जातो. ऊन, पाऊस आणि बाकी सगळं त्या टायरांवर पडतं. मालकाला गिऱ्हाईक मिळालं की त्यातलेच चार-सहा पुढे येतात, धुतले जातात, कोणीतरी त्यांना काळं फासतं आणि ते नव्या नवरदेवासारखे दारात उभे राहतात. काकांना असलेच सहा गेले.

काकांनी ते कसे निवडले माहितीये? कलिंगड निवडतात तसे. आधी बोटाच्या सांध्याने ठोकलं, कान लावला, मग वाकून नाक टेकवलं. टेकवलं, ताई. मी डोळे मिटून घेतले.

"आहा," काका म्हणाले. "नवा माल. वास कसा ओळखीचा वाटतो बघा."

मालक म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक विरळा. लोक नुसता भाव विचारतात."

"लोकांना नाक नसतं," काका म्हणाले.

टायरवर तो बनल्याची तारीख असते. चार आकडे, आठवडा आणि वर्ष. आमच्याकडच्या मालावर ती एकाच गालावर, म्हणजे एकाच बाजूला असते, आणि मालक तो गाल आत बसवायला लावतो. नक्षी बघशील तर कोरीच्या कोरी, कारण टायर रस्त्यावर कधी गेलेलाच नाही. पण रबर पडून पडूनही म्हातारं होतं. हे सहा बनले तेव्हा मी शाळेत पहिल्यांदा नापास झालो होतो. वर ते हलक्या गाडीचे. मापात बसतात, वजनात बसत नाहीत. आख्खं घर अंगावर घेऊन ते तुझ्याकडचा डोंगर उतरणार. पुढचं लिहीत नाही.

तू म्हणशील, गाढवा, सरळ सांग ना. सांगितलं. काका म्हणाले, "भोपू, यावेळी काय?" त्यांचं तरी काय चुकलं? गेल्या वर्षी मीच घरगाडीवर 'विकणे आहे' ची पाटी लावली होती, खाली काकांचा नंबर, आणि भाव सायकलचा. महिनाभर लोक पहाटे फोन करत होते. तेव्हापासून मी आग लागली म्हटलं तरी काका आधी चष्मा पुसतात.

तर अंडी आहेत तोवर मावशी आत बसणार नाही, आणि मावशी बसत नाही तोवर गाडी हलणार नाही. पण काकांचं नाक कधीतरी अंड्यांपर्यंत पोचेलच. काहीतरी सुचव.

तुझा,
भोपू


ता. ६, गुरुवार

भोपू,

मला सात महिने तुझ्या मदतीशिवाय उलट्या होत होत्या. त्या नुकत्याच थांबल्या होत्या. तुझं पत्र दुपारी जेवताना उघडलं, त्याबद्दल आभार.

एक विचारते. "कोणीतरी काळं फासतं" म्हणजे कोण? तुमच्या दुकानात माणसं तीन. मालक स्वतःच्या चहाचा कपही उचलत नाही, हे तूच सांगायचास. पंक्चरवाला हात मोडून घरी बसलाय, हे आईने लिहिलं होतं. उरलं कोण? आणि तुझ्या दिवाणावरच्या चादरीला काळे डाग कसले पडतात असं आई विचारत होती, त्याचंही उत्तर मला आत्ताच मिळालं.

मला खरं लिही. मी तुला लहानपणी पाठुंगळीला घेऊन फिरले आहे. तू मानेवर शेंबूड पुसायचास तरी खाली टाकलं नाही.

आता माझं ऐक. इथे दवाखाना आहे, नर्स चांगली आहे, तुझे भावोजी जमेल तेवढं करतात, म्हणजे दूध उतू घालवतात आणि मग ओटा पुसतात. पण मला आई पाहिजे. लाज सोडून लिहिते, मला भीती वाटते. कुशीवर वळायचं म्हटलं तरी आधी धीर गोळा करावा लागतो, आणि दुपारी हे ऑफिसात गेले की मी दारात खुर्ची टाकून उगाच रस्ता बघत बसते. ती आली पाहिजे. आणि धड आली पाहिजे. मला यातलं नुसतं एकच नकोय, दोन्ही पाहिजेत.

आईला टायरचं कळू देऊ नकोस. ती घाबरली तर येणारच नाही. बाबांना मी काही सांगितलं तर ते मुद्दाम उलट करतात, हे तुला माहीत आहे. ह्यांना फोन करायला लावला होता. अर्धा तास बाबा टायरच्या वासाचं वर्णन करत होते. हे म्हणाले, "तुझे बाबा मोठे पारखी आहेत हं." पोटात बाळाने लाथ मारली, तीच दोघांतर्फे समज.

ज्याने काळं फासलं त्यानेच ते काढायचं. साबण घे, घासणी घे, टायर धू आणि बाबांना भेगा डोळ्यांनी दिसू देत. आणि ती अंडी काढ. तुझी लाज वाटते मला. पण थोडं कौतुकही वाटतं, तेवढ्याने शेफारू नकोस.

ताई


ता. ९, रविवार

ताई,

मीच. मीच फासलं.

मालकाचं काळं म्हणजे बुटाचं पॉलिश आणि जळकं ऑइल. चमकतं चांगलं, पण त्याला मागच्या चळतीचा वास दाबता येत नाही. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मालक म्हणाला, काहीतरी डोकं चालव, एरवी फार चालतं. मग मी चालवलं. त्यात केसांचं तेल घातलं. काकांचं. त्यांच्या कपाटातली ती हिरवी बाटली. थोडं थोडं ओतून घ्यायचो आणि वर पाणी घालून ठेवायचो. मालकाने पाठ थोपटली, म्हणाला पोरात कला आहे. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

आता कळलं ना काकांना तो वास ओळखीचा का वाटला? ते स्वतःचंच डोकं हुंगत होते.

मी काळं फासत होतो तेव्हा टायर कोणाला जाणार ते मला माहीत नव्हतं. माहीत नसलं की काहीच वाटत नाही बघ. कोणाच्या तरी गाडीला लागणार, कोणीतरी कुठेतरी जाणार. त्या कोणाचंच तोंड डोळ्यांसमोर येत नव्हतं. काका दारात येऊन वाकले तेव्हा पहिल्यांदा आलं. तेव्हापासून हाताला साबण लावतो, दगड घासतो, राख लावतो, पण नखांतून ते जात नाही. जेवताना घास तोंडाजवळ आला की आधी तेलाचा वास येतो आणि मग बाकीचं आठवतं. शिसारी येते. मावशी म्हणते पोरगं वाळलं, आणि अजून एक पोळी वाढते.

तुझं ऐकून मी टायर धुतला. डावीकडचा पुढचा. काका झोपले होते तेव्हा साबणाने खसाखसा घासला. काळं उतरलं आणि खालून जे निघालं ते हत्तीच्या गुडघ्यासारखं, राखाडी आणि भेगाच भेगा. मी काकांना हाक मारून आणलं. ते बघत राहिले. मला वाटलं, झालं काम.

"काय लावलंस तू याला?" काका म्हणाले.

"साबण."

"कपड्यांचा?"

"हो."

"मूर्खा, रबराला कपड्यांचा साबण लावतात? कातडी उतरवलीस त्याची."

आणि ताई, ते आत गेले, हिरवी बाटली घेऊन आले, आणि अंगणात मांडी घालून त्या टायरला स्वतःच्या हाताने तेल चोळत बसले. लहान बाळाला चोळतात तसं. "रबराला स्निग्धता लागते," म्हणाले. मी बाजूला उभा.

मग मी म्हटलं काका, गाडीखाली येऊन तारीख तरी बघा. खाली शिरले. टॉर्च मारला. मी चार आकडे दाखवले. म्हणाले हा कंपनीचा गुप्त नंबर, गिऱ्हाइकासाठी नसतो.

रस्त्यापलीकडे त्या टायरवाल्या बाईंचं दुकान आहे ना, तिथे चला म्हटलं. ट्रकचे, बसचे जाड टायर त्यांच्याकडेच मिळतात, ताज्या तारखेचे. काका म्हणाले ती बाई टायरला हात लावू देते, हुंगू देत नाही. तुसडी आहे.

वासाचं सांगायचं राहिलं. उंदीर मिळेना तेव्हा काकांनी ठरवलं की वास संडासाच्या टाकीचा. ती उघडली. मी झाकण धरलं होतं. पुढचं लिहिणार नाही, तू जेवत असशील. एवढंच सांगतो की काका आणि मी दोघांनी अंगणात नळाखाली आंघोळ केली आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग फळीखालचं एक अंडं त्यांना सापडलं. खूप वेळ हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "आधीच्या मालकाने गाडीत कोंबड्या पाळल्या असणार." मावशी म्हणाली, "इतक्या वर्षांनी अंडं?" काका म्हणाले, "म्हणूनच वास."

बाकीची मी काढायला घेतलीत. तू लाज वाटते म्हणालीस म्हणून.

भोपू


ता. ११, मंगळवार

भोपू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा बाबा मांडी घालून टायरला तेल लावतायत हे डोळ्यांसमोर आलं आणि मी खुर्ची धरून हसले. नर्स म्हणाली एवढं हसू नका. मग रडू आलं, त्यालाही ती नको म्हणाली.

तुला काय बोलायचं ते तू समोर आलास की बोलेन. कागदावर मावणार नाही.

मीही एक खोटं बोलून बसले आहे. काल बाबांना पत्र टाकलं, की डोंगरातला रस्ता दुरुस्तीसाठी अठरा तारखेपासून आठवडाभर बंद आहे. रस्ता काही बंद नाहीये. पण त्यामुळे ते वीसचे पंचवीसला निघतील आणि तुला पाच दिवस जास्त मिळतील. तेवढ्यात त्यांना टायरवाल्या बाईंकडे ने. ओढत ने, फसवून ने, कसंही. तुला एरवी चांगलं सुचतं, वाईट कामासाठी. आता एकदा चांगल्या कामासाठी वाईट सुचू दे.

पंचवीसच्या पलीकडे मात्र नको. दिवस मोजते आहे मी.

ताई


ता. १३, गुरुवार

ताई,

हे काय करून बसलीस? तुझं पत्र काकांना मिळालं आणि ते म्हणाले, "अठराला बंद? मग आपण आधीच निघू." उद्या सकाळी निघतायत. मावशीने डबे भरले, पाण्याची टाकी भरली, बाळाची दुपटी चढवली. गाडीतला वास मीच घालवला, कसला शहाणा मी, कालच शेवटची अंडी काढली. निदान मला तसं वाटतंय.

मी आज सकाळी काकांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चळत, मुतारी, पॉलिश, त्यांचं तेल, सगळं. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पाटीपेक्षा ही चांगली जमलीय. तेलाचं तर फारच छान." आणि मावशीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, तुझा भाचा काय रचून सांगतोय." मावशी हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली.

संध्याकाळी काका गाडी दुकानात आणणार आहेत, निघायच्या आधी हवा बघायला. हवा मीच भरतो. काहीतरी करीन. काय ते मला अजून माहीत नाही. दुधाची गाडी निघाली, थांबतो.

भोपू


ता. १७, सोमवार

चि. ताई हिस,

तुझ्या बाबांचा आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. आम्ही शुक्रवारी का पोचलो नाही याची तुला काळजी लागली असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

गुरुवारी निघण्याच्या तयारीने मी गाडी टायरच्या दुकानात नेली. टायरबद्दल मला पहिल्यापासून थोडी शंका होतीच. मी ती बोलून दाखवली नाही, कारण तुझी आई घाबरते. भोपूने पुढचं एक चाक सोडवलं आणि जाड टायरात हवा भरताना ज्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात त्यात ठेवलं. मालक म्हणाला, एवढ्याशा हवेला पिंजरा कशाला? पण पोराने त्या दिवशी हट्टच धरला. म्हणाला, टायरवर जास्तीत जास्त हवेचा जो आकडा लिहिलाय, तेवढी त्याला सोसलीच पाहिजे, काका, बघू तर खरं. मला ते रास्त वाटलं.

हवा भरली आणि तो आकडा गाठल्याबरोबर टायर फुटला. आवाज असा झाला की समोरच्या इमारतीतले लोक गच्चीवर आले. पिंजरा होता म्हणून कोणाला इजा झाली नाही. मात्र शेजारी त्यांच्या काळ्या पॉलिशचा डबा उघडा ठेवलेला होता, तो उडाला आणि मालकाच्या अंगावर सांडला. ते डोक्यापासून बुटापर्यंत काळे. वासही विचित्र होता, मला तो ओळखीचा वाटला पण आठवेना.

लोकांनी मालकाला घेरलं. "लिहिलेली हवासुद्धा सोसत नाही, मग विकता काय?" असं एकाने विचारलं, बहुतेक मीच. भोपूने सर्वांसमोर सांगितलं की त्याने लिहिली तेवढीच हवा भरली, एक रेषही जास्त नाही. मी साक्ष दिली. मी स्वतः काट्यावर नजर ठेवून होतो. मालकाने निमूट पैसे परत केले आणि त्याच तोंडाने पोराला कामावरून काढलं.

नंतर आम्ही पलीकडच्या बाईंकडे गेलो. बाई तुसड्या आहेत पण काम जाणतात. त्यांनी टायर दाखवायच्या आधी मला परत पाठवलं. म्हणाल्या, प्रवासाला निघता तसे सगळं सामान, पाणी, माणसं घालून गाडी वजनकाट्यावर न्या, पुढची चाकं वेगळी तोला, मागची वेगळी, आणि चिठ्ठी घेऊन या. तुझी आई म्हणाली, मी काट्यावर बसणार नाही, मला काय गोणी समजलात. शेवटी आकडा तिला सांगायचा नाही या अटीवर बसली. मागची चाकं फार जड निघाली. माझी हत्यारांची पेटी, जाड पुस्तकं आणि लोखंडी खाट उतरवावी लागली. मग बाईंनी तो भार पेलतील असे टायर काढले आणि प्रत्येकावरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावली. मी म्हटलं एक द्या, फुटलेल्याच्या जागी. म्हणाल्या, सहा, नाहीतर एकही नाही. मी हुंगायला वाकलो तर म्हणाल्या, "साहेब, खायचे नाहीयेत."

आम्ही वीस तारखेला निघतो. रस्ता बंद असल्याचं तू कळवलं होतंस, पण मी रस्त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तसं काही नाही. तुला ही माहिती ज्याने दिली त्याची कानउघाडणी कर. पोराला मात्र शाबासकी दे. एकदा तरी सरळ वागला.

तुझे बाबा


ता. १९, बुधवार

ताई,

हे पत्र दुधाच्या गाडीला दिलं नाही. बाळासाठी मावशीने जुन्या मऊ चादरी फाडून ठेवल्यात ना, त्या गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलंय, आणि मावशीला बजावलंय की गठ्ठा ताईच सोडणार. म्हणजे तू हे वाचतेयस याचा अर्थ गाडी पोचली. मावशी तुझ्याजवळच कुठेतरी असेल. तिला आधी हाक मार, दिसली की मग पुढचं वाच.

काकांनी तुला काय लिहिलं ते मला माहितीये. त्यांनी टाकायच्या आधी सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवलं. "मी स्वतः काट्यावर नजर ठेवून होतो." काका काट्याकडे बघत नव्हते, ताई. काका चष्मा पुसत होते. मालक त्यांना चहा हवा का विचारत होता. काट्याकडे फक्त मी बघत होतो.

आकडा आला. टायर फुटला नाही.

मी पिंजऱ्यावर हात टेकून उभा. टायर आत टम्म, काळाभोर, चकाकत बसलेला. जणू मलाच हसत होता. मालक म्हणाला, "बघितलंत साहेब? लोखंड आहे लोखंड." काका वाकले आणि पिंजऱ्याच्या गजांमधून त्यांनी ठोकायला बोट घातलं. काकांचं डोकं माझ्या नाकाशी आलं. त्यातून तेच तेल आणि टायरमधून तेच तेल. दोन्हीकडून एकच वास.

मी म्हटलं, "काका, लांब व्हा, चहा घ्या." ते झाले. सगळे लांब आहेत हे मी दोनदा बघून घेतलं. ते एवढं एक काम मी नीट केलं. मग नळीच्या दांड्यावरचा अंगठा उचलला नाही. काटा आकड्याच्या पुढे गेला. अजून पुढे. टायरच्या गालावर एक फोड आला, लिंबाएवढा, मग तुझ्या मुठीएवढा. मालकाने बघितलं आणि ओरडत माझ्याकडे धावला, त्याला काटा दिसायच्या आत झालं. काटा पण तुटला. म्हणून कोणाला काही कळलं नाही.

मालकाच्या अंगावर काळं उडालं तेव्हा मला लई आनंद होईल असं वाटलं होतं. नाही झाला. तो तोंड पुसत उभा होता आणि त्याच्या मिशीतून तेल गळत होतं, मीच ढवळलेलं. वाटलं, हे आम्हा दोघांवर मिळून उडायला हवं होतं.

आणि मग मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून म्हणालो, लिहिली तेवढीच भरली. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, ते नेमकं खोट्यावर. खरं सांगितलं तेव्हा काका म्हणाले रचलंय छान. हे कसं पोटात ठेवायचं ते तू सांग, तू मोठी आहेस.

रोज एकच गोष्ट डोक्यात फिरते. ते टायर खरोखरच कुजके होते का? फुटलेला तुकडा मी उचलून ठेवलाय. वाकवला की बिस्किटासारखा चुरा पडतो. पण एवढी हवा कोंबली तर चांगलाही फुटला असता. तुकडा मी त्या टायरवाल्या बाईंना दाखवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, उद्यापासून कामाला ये. मी खूश. मग म्हणाल्या, "झाडलोट करायची, टायर वाहायचे. हवेला हात लावायचा नाही."

त्यांना कळलंय. पण त्या कोणाशी बोलतच नाहीत, त्यामुळे तिकडून भीती नाही. भीती आहे ती तुझी.

बाकीचे पाच टायर अंगणात रचून ठेवलेत. मालकाला ते परत न्यायची लाज वाटली आणि काकांना टाकवत नाहीत. म्हणतात, एकच नासका निघाला, बाकीच्यांचं काय वाईट आहे, लागतील. रोज जाऊन ठोकून बघतात. त्यांना जर कळलं की पहिला त्याच्या आकड्याला फुटला नव्हता, तर परत आल्या आल्या नवे विकून हे चढवतील, आणि मावशीला घेऊन तुझ्याकडे बारशाला पुन्हा निघतील. तू त्यांना ओळखतेस. ते गेल्यावर मी ते पाच कापून टाकणार आहे, आल्यावर सांगीन चोर आले होते. चोर जुने टायर कशाला नेतील हे काका विचारतील. म्हणूनच नेत नाही, कापतोय.

म्हणून हात जोडतो, ताई, कोणाला सांगू नकोस. काकांना नाही, भावोजींना तर नाहीच. मावशीलाही नाही. निघायच्या तयारीत तिने काल माझे दोन्ही हात हातात घेऊन नखं बघितली आणि स्वतःच्या हाताने राख लावून घासली, काही विचारलं नाही. तिला विचारायची वेळ आणू नकोस. आणि जे कोण येणार आहे, पोरगा किंवा पोरगी, त्यालाही मोठं झाल्यावर एवढंच सांग की तुझा मामा लिहिलेली असते तेवढीच हवा भरतो. हे वाचून झालं की भावोजी दूध उतू घालवतात त्याच शेगडीत टाक.

आणखी एक. काकांना सापडलेलं धरून मोजली तरी एक अंडं कमी भरतंय. कुठे बसवलं होतं ते काही केल्या आठवत नाही. गाडीत शिरताना खिडक्या उघड्या ठेव.

अंड्यांचं हवं तर सांग सगळ्यांना. हवेचं नको.

तुझा,
भोपू